तीस टक्क्यांचा प्लॉट

२ मार्च, सोमवार

हे आज दिवसभर फुगलेले! आमच्या मोकळ्या प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. चार लाख देतो म्हणतोय. तीस वर्षांपूर्वी ह्यांनी तो चाळीस हजारांना घेतला — मी बँकेत ठेवू म्हणत असताना. त्यावरून महिनाभर अबोला होता आमचा. आज जेवताना चौथ्यांदा ऐकलं — "दहापट! वर्षाला तीस टक्के पडले. तुझी बँक देते का तीस?"

मी आमटी वाढली. पण तीस? ह्यात कुठेतरी पाणी मुरतंय.

३ मार्च, मंगळवार

विकायचा नाही म्हणे! "तीस टक्के देणारी जागा कोण विकतं?" जागा कसली देतेय, गवत तेवढं देते.

५ मार्च, गुरुवार

सूनबाईला गाठलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आकड्यांशी तिची रोजची उठबस. म्हणाली, "आई, बाबांनी नऊशे टक्के वाढीला तीस वर्षांनी सरळ भागलं. पैसा तसा वाढत नाही. वाढलेल्यावरही वाढ होते." मी मान हलवली. डोक्यात शिरलं काहीच नाही. तिला ते दिसलं असणार. माझ्या हातातल्या विणकामाच्या सुयांकडे बघून म्हणाली, "शंभर टाके घातलेत असं समजा. दर ओळीला दहा टक्के वाढवायचे. दुसऱ्या ओळीत किती?"

"एकशे दहा."

"तिसरीत?"

"एकशे वीस."

"चुकलात! आता एकशे दहाचे दहा टक्के."

अकरा! म्हणजे एकशे एकवीस. मग एकशे तेहतीस आणि वर पॉइंट एक. "हा पॉइंट एक टाका कुठून आणू गं?" दोघी हसत सुटलो. पण मोजत गेले — सात वेळा वाढवले तर एकशे पंचाण्णव! मी समजत होते, दहा टक्क्यांनी दुप्पट व्हायला दहा ओळी लागतील. सातातच जवळपास झाले. चाळीस वर्षं स्वेटर विणतेय, हे कधी सुचलं नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

आजचा धडा — बहात्तर! बहात्तरला दराने भागायचं, की किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. अगदी काटेकोर नाही, पण अंदाजाला पुष्कळ. आठ टक्के असेल तर नऊ वर्षं.

भांडी घासता घासता मनात चालू होतं. चाळीस हजार. नऊ वर्षांनी ऐंशी. अठराव्या वर्षी एक लाख साठ. सत्ताविसाव्या वर्षी तीन लाख वीस. उरली तीन वर्षं, त्यात चार लाख — आठ टक्के! तीस नव्हे, आठ! हात तसेच ओले, एकटीच हसत उभी होते.

७ मार्च, शनिवार

सांगितलं नाही. फोनवर भावजींना तीस टक्के ऐकवत होते. इतके खूश होते, की जीभच उचलेना.

१० मार्च, मंगळवार

पण खर्च कुठे धरला? कुंपण, कर, गवत काढणारा. सहज विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "धर वर्षाला दोन हजार."

दुपारी वही घेऊन बसले. समजा चाळीस हजार आणि हा खर्चही दरवर्षी बँकेत सहा टक्क्यांनी ठेवला असता, तर? सहा टक्के वाढ लावायची, त्या वर्षाचे दोन हजार मिळवायचे, पुढची ओळ. तीस ओळी! अकराव्या ओळीला बेरीज चुकली, तिथून पुन्हा. शेवटी आले तीन लाख सत्त्याऐंशी हजार. जागेचे येताहेत चार लाख. म्हणजे खरा दर सहाच्या जरासा वर. बँक आज सात देतेय. पाठ धरली आहे, पण काय झकास वाटतंय!

११ मार्च, बुधवार

सांगून टाकलं. वही समोर ठेवली. आधी म्हणाले, "तुला काय कळतंय त्यात!" मग चष्मा लावला. मग माझं पेन घेतलं. तासभर ओळीमागून ओळ तपासत बसले. मी आत जाऊन उगीच डबे पुसत होते. वाटलं, पुन्हा महिन्याचा अबोला.

शेवटी हाक आली. "अगं, दोन हजार नाहीत. एकोणीसशे धर."

"धरते. तरी तीस व्हायचे नाहीत."

हसायला लागले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दहा दिवस मी लोकांना तीस टक्के सांगतोय की गं! आणि तू एवढं शिकलीस कधी?"

"गेल्या गुरुवारी."

१२ मार्च, गुरुवार

ह्यांना टाक्यांवरून शिकवलं. तिसऱ्या ओळीत एकशे वीसच म्हणाले! फार बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

हे म्हणाले, सहाच टक्के तर विकूनच टाकू. सूनबाईने अडवलं. "बाबा, सहा हा झालेला दर. आता बघायचं ते पुढचं — आजचे चार लाख कुठे जास्त वाढतील? जागेत की बँकेत?" हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण हे म्हणाले, "आता डोकं नको खाऊस. सोमवारी वकिलांना बोलावलंय."

१६ मार्च, सोमवार

वकील आले. कागद चाळले आणि माझ्याकडे वळले. "मग काय बाई, विकायचा?" मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. वकील म्हणाले, "त्यांचा काय संबंध? पहिल्या दिवसापासून प्लॉट तुमच्या एकटीच्या नावावर आहे."

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "मी नसलो तर तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये, म्हणून."

डोळे पुसले. मग वकिलांना म्हटलं — आठवडा द्या. मला हिशेब करायचाय.