साखरेचा घोडेस्वार

आचीरेआले, १२ ऑक्टोबर १९८६

ती. निंफाताईस,
प्रोवीचा सा. न. वि. वि.

बदामाच्या पिठाची फळं रंगवायला सिस्टर बेनेदेत्ता आपल्याला मठाच्या स्वयंपाकघरात बसवायच्या, आठवतं? तू ब्रश चाटायचीस. एकदा तुझी जीभ हिरवीगार झाली, आणि कोणी चाटला विचारल्यावर तू माझ्याकडे बोट केलंस! अजून हसू येतं.

पत्राचं कारण असं की, माझ्या नातीला, वेनेराला, साखरेचा आजार निघाला. सात वर्षांची पोर रोज सुई टोचून घेते, आणि वर मलाच म्हणते, आजी, तू डोळे मीट. तेव्हा यंदा मृतांच्या रात्री तुझा साखरेचा बाहुला नको. मी तिच्या टोपलीत भाजलेले चणे, अक्रोड, रंगीत पेन्सिली आणि उडीची दोरी ठेवीन. घरातली गेलेली माणसं त्या रात्री पोरांना खाऊ ठेवून जातात, तसे आजोबा येऊन ठेवून गेले, एवढंच तिला वाटायला हवं. तिचे यानो आजोबा गेल्यापासून ती वर्षभर याच रात्रीची वाट बघते. तुला राहवत नसेल तर लोकरीचे मोजे विणून पाठव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी प्रोवी

पालेर्मो, २० ऑक्टोबर

चि. प्रोवीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

चणे! अगं, तुझा नवरा जिवंतपणी हाताचा आखडता होताच, मेल्यावरही त्याची अब्रू घालवतेस? शेजारची दोन्ना चिच्चा ऐकून इतकी हसली की तिची कवळी निसटली. वर्गात पोरी विचारतील, आजोबांनी काय आणलं, तेव्हा ती बिचारी चणे दाखवणार का? मेलेली माणसं फक्त लहान मुलांना देतात, आपल्यासारख्या म्हाताऱ्यांना ढुंकूनही विचारत नाहीत. तेवढंही तू तिच्याकडून काढून घेतेस.

आपल्या आईनं आठ पोरं साखरेवर वाढवली. तुझी सून उत्तरेकडची, तिला पाण्यातही रोग दिसतो. आणि तू मुळातच भित्री. यंदाच्या घोडेस्वाराला मी यानोच्या मिशा काढल्यात, अगदी हुबेहूब! आपला भाचा रोक्को एक तारखेला तुमच्याकडे उतरतोच आहे. तू दे तुझे चणे, गोडाचं मी बघते.

आईचे बाहुल्यांचे साचे तेवढे त्याच्याबरोबर धाड. रुसू नकोस, लोभ वाढव.
तुझी निंफाताई

आचीरेआले, ११ नोव्हेंबर

निंफा,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रोक्कोच्या पिशव्या दारातच उघडून पाहिल्या. मावशी, शपथ, काही नाही, म्हणाला. घोडेस्वार त्याच्या कोटाखाली होता. त्यानं पोरीच्या कानात सांगितलं, उशीखाली बघ, आणि आजीला बोलायचं नाही असं आजोबांनी सांगितलंय.

ती बोलली नाही. आजोबांचा शब्द पाळला. लपून लपून खात राहिली. चणे मात्र शाळेत घेऊन गेली होती. पोरींनी मागून मागून संपवले, कुणी हसलं नाही. त्याच संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या, मग हाका मारल्या तरी डोळे उघडेना. इस्पितळात शुद्धीवर आली तेव्हा पहिलं मला विचारलं, आजोबांना मी तिकडे हवी होते का?

वाचली आहे. पण दिवा मालवू देत नाही. यानोचा फोटो भिंतीवरून उतरव म्हणाली. मी उतरवला, निंफा. बेचाळीस वर्षांचा संसार पालथा करून कपाटात ठेवला.

लोभाचं वाक्य यावेळी लिहीत नाही. माझ्यामागे काय करायचं ते मुलाला सांगून ठेवलंय, तुलाही ठाऊक असावं. कानातली सुनेला. चणे आणि रंगीत पेन्सिली वेनेराला, दरवर्षी, पण दिवसाउजेडी आणि जिवंत माणसाच्या हातून. आईचे साचे फोडून टाकायचे.

म्हाताऱ्यांना मेलेली माणसं देत नाहीत म्हणतेस, म्हणून तुझं तुला मी जिवंतपणीच पाठवते. सोबतच्या डब्यात घोडेस्वाराचं डोकं आहे. मिशा आजोबांच्या, म्हणून पोरीनं तेवढं खाल्लं नव्हतं. ते तुला.

प्रोवीदेन्सा