काचेपलीकडचं बोलणं

सोमवार, ३ फेब्रुवारी

शिवय्यामालकांनी आज शेडच्या दारातच सांगून टाकलं — नवा मीटर बसला की मी माग भंगारात घालणार. बारा माग, तेरा माणसं. मालक चेष्टा करणारा माणूस न्हाय.

मीटर कंपनीचा, ठेका सरकारनं दिलेला. आधी पैसे भरायचे, मग लाईट. पैसे संपले की तिथल्या तिथं लाईट बंद. माग असा मधेच थांबला की कापडावर पट्टा पडतो आणि व्यापारी त्याचे पैसे आमच्या मजुरीतनं कापतो. तिकडं हायवेला पाचशे मागांची नवी मिल झालीय, तिला मात्र लाईटीत पाच वर्षं सवलत! मालक म्हणाले, "पाचशेवाल्याला सवलत, बारावाल्याला मीटर. ह्याला धोरण म्हणत्यात."

बुधवार, ५ फेब्रुवारी

मोर्चा ठरला, जिल्ह्याला कलेक्टर ऑफिसवर. परवा शुक्रवारी, म्हणजे खाडा नको — शुक्रवारी कबनुरात माग बंदच असतात. पुढारी अर्थातच आकारामदादा. आमच्याच शेडमध्ये चार माग चालवतो, कामगारांच्या कमिटीचा अध्यक्ष हाय.

बावीस वर्षांपूर्वी मी ह्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर लागले, तेव्हा आठ दिवस रडत होते. बारा माग चालू झाले की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत न्हाय. इथं सगळी ओठांनीच बोलतात, आवाज काढतच न्हाईत. ते मला आकारामदादानं शिकवलं. "सलमा, तोंड मोठं उघड. शब्द चावू नको." आता मी ह्या टोकाला बसून त्या टोकाचं भांडण वाचते. माझा नवरा दिलदार म्हणतो, "ह्या बाईच्या नजरेसमोर नवऱ्याला फोनवर बोलायची सोय न्हाय."

शेडमध्ये कुणाचं ऐकायचं नसलं की नुसतं तोंड फिरवायचं. एका सुईवरनं शेजारच्या मशीनवरच्या शांतव्वानं मला चार दिवस तोंड दाखवलं नव्हतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पाय तुटायची वेळ आलीय, पण आजच लिहिणार.

दसरा चौकातनं निघालो. शिरोलीचे फाउंड्रीवालेपण आलते, त्यांचंही लाईटीचंच रडगाणं. शांतव्वाची चप्पल अर्ध्या वाटेत तुटली. ती हातात धरून घोषणा देत होती, त्यामुळं पोलीस तिच्यापासनं लांबच चालत होते.

ऑफिसात एकट्या आकारामदादाला आत घेतलं. दारातच त्याचा फोन काढून ठेवला. खालचाच हॉल, पुढं मोठी काच. आम्ही बायका काचेला लागूनच उभ्या. आत कलेक्टरसाहेब, कंपनीचा एक कोटवाला आणि एक इन्स्पेक्टर. त्या तिघांच्या पाठी आमच्याकडं. दादानं बसायच्या आधी आपली खुर्ची ओढली आणि काचेकडं तोंड करून बसला. मी मनात म्हटलं, बाहेर टीव्हीवाले हायत, तोंड दिसायला पाहिजे पुढाऱ्याचं.

मग तो बोलायला लागला आणि मी वाचलं. एक शब्द सुटला न्हाय. "सोमवारी. सकाळी सात. कबनूरपासनं सुरुवात. पोलीस घेऊन. बाहेर कुणाला सांगायचं न्हाय. बरं. समजलं."

शांतव्वानंपण वाचलं. तिनं माझा दंड एवढा घट्ट धरला की आत्ता बघते तर तिथं वळ उठलेत.

दादा बाहेर आला, दोन्ही बाजूला पोलीस. माईकवर म्हणाला, "चर्चा चांगली झाली. सगळ्यांनी शांततेत घरी जावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी जवळ जाऊन विचारणार होते, तोवर त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. सोडायला म्हणे घरी.

येताना टेम्पोत मी सगळ्यांना सांगितलं. आधी कुणाला खरं वाटेना. मग शांतव्वा बोलली तेव्हा सगळ्यांना पटलं. घरी दिलदार म्हणतो, "आकाराम असला न्हाय." मी म्हटलं, ऐकलेलं नव्हं, डोळ्यांनी वाचलंय. ह्या माणसाला मी भाऊ मानला. सख्ख्यापेक्षा जास्त मानला. रडायलापण येईना, नुसता संताप.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आकारामदादा कामावर आला — मागं एक हवालदार! तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला. वा, आता साहेबांचं संरक्षणपण मिळालं म्हणायचं.

माग चालू होते. दादा हवालदाराकडं पाठ करून माझ्या मशीनसमोर उभा राहिला. "सलमा," एवढंच वाचलं आणि मी तोंड फिरवलं. तो शांतव्वाकडं गेला, तिनंपण फिरवलं. मग एकेक करून सगळ्यांनीच. शेडच्या मधोमध थोडा वेळ उभा राहिला आणि आपल्या मागांकडं गेला. दिवसभर त्याच्या मागावर धागे तुटत होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

गल्लीतल्या आठ शेडांत आणि घराघरांत निरोप पोचवला. उद्या साडेसहाला आमच्या दारात.

सोमवार, १० फेब्रुवारी

गाड्या बरोबर सातला आल्या. आम्ही दीडशे बायका कांड्यांचे खोके मांडून दारात बसलेल्या. कोटवाला खाली उतरला आणि बघतच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" शांतव्वा म्हणाली, "पावणं, चहा घेणार काय?" सगळ्या हसल्या. इन्स्पेक्टर बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. नऊ वाजता गाड्या मागं फिरल्या.

कोपऱ्यावर आकारामदादा उभा होता. शांतव्वा त्याला म्हणाली, "आता आणि काय विकायला आलास रे?" तो तसाच निघून गेला. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला लिहू.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लेखी आलं. कबनुरात मीटर बसवायला तीन महिने स्थगिती. मालकांनी पेढे वाटले. बारा माग चालू; आकारामदादा कामावर आला न्हाय, त्याच्या चार मागांवर बदली माणूस.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल आकारामदादाला पोलिसांनी अटक केली. मालक ठाण्यात जाऊन आले. शुक्रवारीच त्याच्याकडनं लिहून घेतलं होतं, बाहेर बोलला तर आत घालू म्हणून. हवालदार त्याच्यावर पाळतीला होता. आता गुन्हा लावलाय — बैठकीतलं बोलणं बाहेर फोडून लोकांना भडकावलं.

शांतव्वा पायरीवरच बसली. "अय्यो सलमा, चार माणसांच्या खोलीत एवढं तोंड उघडून कोण बोलतंय गं?"

शनिवारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिलता. सगळ्यांत आधी तोंड मी फिरवलं.