उस्तादांचा हात

१२ नोव्हेंबर

खांदा गेला! उजवा. आणि कशानं? तर भाचीच्या लग्नात नाचताना. पन्नाशीचा बाप्या, दोन्ही हात वर करून उड्या मारत होता, खाली आला तो एका बाजूनं वाकडाच. परांचीवरून पडला असता तर निदान चारचौघांत सांगायला बरं दिसलं असतं. आता येईल त्याला ऐकवतोय, "कामानं धरला हो खांदा." सासूबाई सकाळपासून शेकतायत. अधूनमधून माझ्याकडे अशा बघतात, की जणू मीच ढकललं होतं त्यांच्या बाळाला.

आणि दातांच्या डॉक्टरची भिंत याच आठवड्यात सुरू करायची आहे.

१३ नोव्हेंबर

भिंत त्याच्या दिवाणखान्यातली. दोन मजले उंच, एकसलग, मध्ये खिडकी नाही की काही नाही. तिला व्हेनिशियन प्लास्टर हवंय. नाव ऐकून लोकांचे डोळे मोठे होतात. असतं काय, तर मुरवलेला चुना, संगमरवराची पूड, एकावर एक पातळ थर, आणि मग स्टीलच्या थापीनं घोटत बसायचं, भिंतीत आपलं तोंड दिसेपर्यंत. आमचा नवरा हे एका परदेशी कारागिराच्या हाताखाली शिकला, एका हॉटेलच्या कामावर. आठ महिने काय राहिला त्याच्याबरोबर, तेव्हापासून चालणंच बदललं. मी शिकले नवऱ्याकडून, आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर. तिथे अजून कुठे कुठे माझ्या चुका दिसतात. तो पाहुण्यांना दाखवतो.

लोक त्याला उस्ताद म्हणतात. मीही म्हणते. माझा सूर जरा वेगळा लागतो, एवढंच.

मोठी भिंत आम्ही दोघं मिळून करतो. तो उजवीकडून निघतो, मी डावीकडून, मध्ये गाठ पडते. चुना ओला आहे तोवर कडेला कड मिळवायची. सुकला की जोड दिसतो, मग जन्मभर बघत बसा. त्याचं घर सजवणाऱ्या डिझायनरबाईंनी हे सगळं ज्ञान डॉक्टरला पाजलंय. त्यानं अट घातली— भिंतीला फक्त उस्तादांचा हात लागला पाहिजे, दुसऱ्या कुणाचा नाही. त्याच्या अक्कलदाढेला हात घालायचाय की काय आम्हाला!

मी म्हटलं, नाही म्हणून कळवून टाकू. खांदा बरा झाला की बघू. तर उस्ताद पलंगावर पडल्या पडल्या म्हणतो, "तू कर. पडदा लावू. मी असेन ना तिथे."

असेन ना तिथे! म्हणजे पोळपाटावर लाटणं फिरवणार मी आणि स्वयंपाक यांचा.

१४ नोव्हेंबर

हो म्हटलं शेवटी. एका अटीवर. भिंत पसंत पडली की डॉक्टरला सांगायचं, कुणी केली ते. त्यानंच सांगायचं, त्याच्या तोंडानं, माझ्यासमोर.

"सांगतो की," म्हणाला. "त्यात काय!"

खरं लिहायचं तर मी मनातून हरखलेय. इतकी वर्षं अर्धीच भिंत वाट्याला आली. अख्खी एक भिंत, कुणाच्या कडेला कड मिळवायची नाही— किती दिवसांची हौस आहे ही! पण त्याला कशाला दाखवा. चेहरा पाडूनच फिरतेय.

१७ नोव्हेंबर

पडदा लागला. जाड प्लास्टिकचा, छतापासून फरशीपर्यंत. डॉक्टरला सांगितलं, चुन्याला वारा लागता कामा नये. हे खरंही आहे म्हणा. आत परांचीवर मी आणि खाली उलट्या बादलीवर उस्ताद, हात झोळीत. दिवसभर सूचना. "जरा दाबून. जरा तिरकं. अगं, लांब हात मार, लांब!" तो लांबलचक फटकारे मारतो, खांद्यातून. मी आखूड मारते, मनगटातून. उंचीच नाही तर खांद्यातून काय मारू? आता माझ्या हाताला जे वळण पडलंय ते पडलंय.

दुपारनंतर मी उत्तर देणं बंद केलं. मग तो झोपला.

१८ नोव्हेंबर

दुसरा थर. मान मोडली. एवढंच.

२० नोव्हेंबर

आजचा तमाशा लिहून ठेवलाच पाहिजे.

डॉक्टर न सांगता उगवला. मी अगदी वर, हातात ओली कड, थांबले तर भिंत गेली. उस्ताद बादलीवरून उठला. आधी काय केलं असेल त्यानं? घमेल्यात बोट बुडवून कपाळाला आणि गालाला चुना लावला! झोळी काढून खिशात कोंबली, थापी डाव्या हातात घेतली आणि पडद्याबाहेर जाऊन उभा राहिला, घाम पुसत. घाम!

मग व्याख्यान. चुना जिवंत असतो. त्याला परक्याचा श्वास चालत नाही. पहिले काही दिवस तो फक्त कारागिराला ओळखतो. मी वर थापी मारतेय आणि हसू दाबून दाबून पोट दुखायला आलंय. डॉक्टर मात्र कुजबुजून बोलायला लागला. स्वतःच्याच घरात! दोघंही अर्धा तास कुजबुजत होते, मध्ये एकदा तोंडावर रुमाल धरून डॉक्टरनं विचारलं की आतून आवाज कसला येतोय. उस्ताद म्हणाला, चुना आटतो ना, तो आवाज.

तेवढ्यात मला शिंक आली. आवरली कशीबशी, पण थापी हलली आणि एक वेडंवाकडं वळण उमटलं. वरच्या कोपऱ्याच्या थोडं खाली. पुसता येईना. जाऊ दे.

२२ नोव्हेंबर

घरी वेगळाच थाट. शर्ट मी घालायचा, केस मी विंचरायचे, बटणं मी लावायची. सासूबाई चमच्यानं भात भरवतायत. डावा हात लग्नात नाचला नव्हता, तो शाबूत आहे, पण हे बोलायची सोय नाही. रोज संध्याकाळी फिजिओकडे व्यायामाला जातो आणि दमून येतो. मी दिवसभर परांचीवर असते, पण दमतो तो.

२४ नोव्हेंबर

घोटाई पूर्ण झाली. सकाळपासून घोटत होते. आधी काहीच होत नाही, मग हळूहळू चुना तापतो, थापीखाली गुळगुळीत लागायला लागतो आणि मग एकदम उजेड आत शिरतो. संध्याकाळी खाली उतरले, दिवा बाजूनं लावला, मागे सरून बघितलं.

मी केलीय ही. मी एकटीनं. रडायला आलं.

उस्तादही बघत होता. बराच वेळ. मला वाटलं आता दहा चुका काढेल, आयुष्यभराची सवय आहे. जवळ गेला, तळहात फिरवला, परत मागे आला. शेवटी "ठीक आहे" म्हणाला आणि व्यायामाची वेळ झाली म्हणून निघून गेला. वेळ झालीच नव्हती.

ठीक आहे म्हणे!

२५ नोव्हेंबर

मेण लावलं. पडदा शुक्रवारी निघणार, पाहुणे बोलावलेत. उस्तादला आठवण करून दिली, शब्द दिलायस. म्हणाला, लक्षात आहे.

२८ नोव्हेंबर

रागानं लिहितेय.

सगळं गाव लोटलं होतं डॉक्टरकडे. पडदा निघाला आणि टाळ्या. डॉक्टर टॉर्च घेऊन भिंतीवरून फिरवत होता, पेशंटच्या तोंडात फिरवतो तसा. एकेकाला समजावत होता, हा बघा उस्तादांचा हात, हा असा दुसऱ्या कुणाचा उतरत नाही. मग त्या वरच्या कोपऱ्याखाली आला, माझ्या शिंकेपाशी. म्हणे, "इथे मला समुद्र दिसतो." बायका पुढे सरसावल्या. कुणाला लाट दिसली, कुणाला आई दिसली! आणि आमचे उस्ताद मान हलवून म्हणतात, "तिथे मी मुद्दाम मोकळं सोडलंय."

मी! मुद्दाम!

मी त्याच्याकडे बघत होते. एकदा नजर मिळाली, त्यानं ती सरबताच्या ग्लासात बुडवली. डिझायनरबाईंनी शेवटी मला विचारलं, तुम्हीही होतात ना कामावर? मी तोंड उघडणार, तोच उस्ताद म्हणाला, "ही असते मदतीला."

असते मदतीला.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. का नाही सांगितलं? कारण मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. माझं मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, बायकोला पोटदुखी आहे. घरी आलो. दारात त्यानं शर्टाची बटणं काढून घ्यायला छाती पुढे केली. म्हटलं, समुद्राला सांग.

२९ नोव्हेंबर

बोलत नाहीये. वाढून ठेवते. सासूबाई विचारतात काय झालं, तो म्हणतो थकलीय.

डिझायनरबाईंचा फोन. आणखी तिघांना तशीच भिंत हवीय. उस्तादांचाच हात, पण तस्साच, डॉक्टरकडचा. उस्ताद "बघू, खांदा..." असं काहीतरी पुटपुटत होता. नेहमी असा फोन आला की दोन दिवस जमिनीवर पाय नसतात. आज तोंड उतरलेलं. बरं झालं. करा आता तीन भिंती, झोळीतल्या हातानं! मी जाणार नाही.

१ डिसेंबर

सासूबाईंचे गुडघे घेऊन फिजिओकडे गेले होते. ती बाई गोड आहे, बोलता बोलता म्हणाली, "मिस्टर आता मजेत ना? त्यांचा खांदा लवकर सुटला. मी म्हटलंच होतं, कामाला लागा, आता यायची गरज नाही."

विचारलं, कधी म्हणालात?

त्यांच्या भिंतीची घोटाई चालू होती ना, त्या सुमारास, म्हणाली.

म्हणजे खांदा बरा आहे! आठवडाभर आधीपासून! आणि मी त्याचे केस विंचरतेय, काखेतून शर्ट सरकवतेय. आणि रोज संध्याकाळी व्यायामाला जातो तो कुठे जातो? सासूबाई म्हणाल्या, मित्राकडे बसत असेल पत्ते कुटत. एवढं बोलल्या आणि त्याही विचारात पडल्या. मला तर नको नको ते डोक्यात येतंय. पत्ते असले तर फक्त डोकं फोडीन. दुसरं काही असलं तर मात्र संपलं, अगदी खरंच संपलं.

उद्या मागोमाग जाणार.

२ डिसेंबर

पत्ते नाहीत. बाई नाही. आमचंच गोदाम.

शटर अर्धं वर होतं. आत उस्ताद, उजवा हात डोक्याच्या वर नेऊन नमुन्याच्या फळीवर थापी मारत होता. भिंतीला टेकवून अशा कितीतरी फळ्या. सगळ्यांवर आखूड आखूड हात. माझे. म्हणजे माझ्यासारखे मारायला गेलेले. एकही जमली नव्हती.

भांडायचं ठरवून आले होते, फळ्याच मोजत राहिले. मी आल्याचं त्याला कळलं. वळला नाही.

"मनगट नेमकं कुठे सैल सोडतेस?"

लग्न झाल्यापासून या माणसानं मला कामातलं काही विचारलं नव्हतं.

"आधी डॉक्टरला फोन लाव," मी म्हटलं. "मग दाखवते."

हात पुसायला त्यानं बराच वेळ लावला. मग नंबर लावला आणि फोन कानाशी नेला.

"स्पीकरवर," मी म्हटलं.