फायनल आणि बेसिनखालचा पाइप

दादा,

काल पाणीटंचाईची बातमी बघताना तू तासभर सरकारला शिव्या घातल्यास. त्याच तासात आपल्या बेसिनखालचा पाइप मिनिटाला चव्वेचाळीस थेंब गळत होता, मी मोजले. "मॅच संपली की बघतो," हे तुझं तीन आठवडे चाललंय. शेवटी ओतायची राहून गेली तेव्हा पाइपखालची बादली भरून वाहिली, शेजारच्या बॅगेतली माझी प्रयोगवही भिजली आणि दोन वर्षांची निरीक्षणं शाईसकट गेली. वर तू म्हणालास, "पुन्हा लिही की!"

आज चारला फायनल आहे ना? टीव्हीची वायर आणि वायफायचा डबा मी लॅबमध्ये नेतेय. पाना, वॉशर ओट्यावर आहेत, पण आता पाइप दुरुस्त केलास तरी मी सातच्या आत येणार नाही.

आईकडे गाऱ्हाणं नेऊ नकोस. ती बादली इतके दिवस तीच ओततेय. वायर काढताना स्टूल तिनेच धरलं होतं.

— छोटी