आईचा बटाट्याचा वाफा

हुलेबू, स्वीडन
२ मे १९९८

ती. दादास, सा. न. वि. वि.

विषारी झालेली माती इंजिनियर लोक कशी धुतात, चाळतात, झाकतात, हे सध्या सातवीला शिकवते आहे. पुस्तकातली चित्रं पाहून पोरं जांभया द्यायला लागली, म्हणून प्रत्येकाला घरची माती बरणीत आणायला लावली. बरण्या तुझ्या प्रयोगशाळेत धाडल्याला महिना झाला. एवढा मोठा माती-इंजिनियर भाऊ, आणि दोन ओळींना महाग! माझ्या लेकीची, तीराची, बरणी आईच्या बटाट्याच्या वाफ्यातली आहे. आई आता बेणं लावायला निघाली आहे, निदान तिचं तरी कळव.

लोभ असू दे, आळस जरा कमी असू दे.

तुझी सोल्वेग

गोटेनबर्ग, ९ मे

चि. सोल्वेग हिस, अनेक आशीर्वाद.

हा उपद्व्याप तुला सांगितला कोणी? वाळू आणि शाईचं पाणी घेऊन शिकव की! प्रत्येक बरणीत शिसं आणि आर्सेनिक आहे. काच कारखाना भट्टीची राख आणि काचचुरा फुकट वाटायचा, आणि अख्ख्या गावाने तो अंगणात भरला. बाबांनी तर ढकलगाडीने वाहून आईचा वाफा उंच करून दिला. हे कळलं तर ती खचेल. गुडघ्यांचं निमित्त सांगून लावणी थांबव. पोरांना सांग, बरण्या टपालात फुटल्या.

लोभ टिकावा म्हणूनच एवढं कडक लिहिलं.

सिक्स्टेन

हुलेबू, १३ मे

दादा, नमस्कार लिहायला हात उचलत नाही.

बरण्या फुटलेल्या नाहीत. वर्गात सगळं खरं सांगून टाकलं. तुझं पत्र वाचता वाचता एकदम आठवलं. जूनमध्ये मिडसमरच्या सणाला आई वाफ्यातले कोवळे बटाटे शेपू घालून उकडते, आणि तू कित्येक वर्षं नुसते मासे खातोस. बटाटा पोटाला बाधतो म्हणे! नाताळात माझ्याकडे दुकानातले मात्र दोनदा मागून घेतलेस. म्हणजे तुला माहीत होतं. तुझ्यासमोर तीरा ताटलीभर खात होती, मी तिला आणखी वाढत होते, आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. लाज कशी वाटली नाही रे तुला?

आईला सांगितलं. ती खचली नाही. बेणं पोत्यात परत भरलं आणि एवढंच विचारलं, की सिक्स्टेनला हे ठाऊक होतं का. मी म्हटलं, तोच सांगेल.

मिडसमरला ये. वाफ्यावर माझ्या वर्गातल्या पोरांनी ताडपत्री घातली आहे, तिच्या शेजारीच टेबल मांडणार आहे. लोभाचं काय ते तू आईला उत्तर दिल्यावर पाहू. बटाटे दुकानातले असतील, तुला बाधणार नाहीत.

सोल्वेग