वायरींना नावं ठेवली त्याची हकिकत

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझा पाय ठीक आहे. प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे त्याला दुसरं काही करताच येत नाही. ज्या वायरीत अडकून मी पडले ती अजून टेबलाखाली तशीच लोळते आहे, हे आईने आल्याआल्या पाहिलं आणि पदर खोचला.

तुम्ही माझी कामाची खोली पाहिलेली नाही. खिडकीला लागून टेबल, त्यावर घरांचे नकाशे काढायचा कॉम्प्युटर, दोन स्क्रीन, कोपऱ्यात प्रिंटर, आणि खाली वायरींचं असं जंजाळ की तिथे पडलेलं पेन परत येत नाही. नकाशात इंचभराची चूक मला खपत नाही, पण टेबलाखाली मी डोकावतच नाही. आई येता-जाता त्या वायरींना नावं ठेवत असते. मंगळवारी झाडताना मध्ये येते म्हणून तिने एक वायर उपटली आणि माझा निम्मा जिना गेला. म्हणजे नकाशातला. मी ओरडले, ती रुसली, शेवटी तुमच्या जावयांनी चहा करून समेट घडवला. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक युक्ती घोळते आहे. ती रविवारी फोनवर स्वतःच सांगणार आहे, म्हणून मी फोडत नाही.

तेवढ्यासाठी तरी कानाचं मशीन लावा. माझं प्लॅस्टर निघालं तरी तुम्ही मशीन लावेपर्यंत घरी जायचं नाही, असं आईने इथे सगळ्यांसमोर जाहीर केलं आहे. मला आधी गंमत वाटली, पण काल तिने उन्हाळ्याचे कपडे धाडायला सांगा म्हटलं.

आशीर्वाद असू द्या, आणि मशीनलाही ड्रॉवरबाहेरचा वारा लागू द्या.

तुमची,
चिमी

१० फेब्रुवारी

सौ. हीस,
अ. उ. आ.

रविवारी फोनवर तू सांगितलंस ते सगळं ऐकलं. छान आहे. मी दोनदा छान म्हणालो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तेव्हा मशीनचा प्रश्न मिटला.

चिमी लिहिते की तू वायरींना नावं ठेवतेस. तिला याचं नवल, मला कसलं? लग्न झाल्यापासून माझं अक्षर, माझी छत्री, माझं घोरणं, कशालाच तू सोडलं नाहीस. शिवणक्लासात पोरींच्या वाकड्या टाक्यांवर जिभेला धार लावायचीस आणि घरी येऊन ती माझ्यावर चालवायचीस.

इथे सर्व कुशल. दूध रोज उतू जातं, ते मला वासावरून कळतं. शेजारी दार वाजवून वाजवून कंटाळले, आता खिडकीत उभे राहून हात हलवतात. एकंदर बरं चाललं आहे. मशीन मात्र मी लावणार नाही. त्यात माणसापेक्षा भांडीच जास्त बोलतात, आणि कानात बूच घातलं की माणूस उगाच म्हातारा दिसतो. प्लॅस्टर कधी निघणार तेवढं कळव. तू गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. मी काही वाट बघत बसलेलो नाही, सहज विचारलं.

लोभ आहेच, तो घरी येऊन करावा हे उत्तम.

तुझा,
बहिरोबा

१६ फेब्रुवारी

अहो,
स. न. वि. वि.

वायरींना नावं ठेवली ते फोनवर सविस्तर सांगितलंच आहे आणि तुम्ही छान म्हणालात, म्हणून पुन्हा उगाळत नाही. आता पुढची हकिकत.

चिमीच्या सासूबाई सगळ्यांच्या मध्येच ठाण मांडून होत्या. दिवसभर डोळे मिचकावायच्या, आणि त्यांना जरा धक्का लागला की सगळ्या घराचं काम बंद. काल चिमीशी बोलून त्यांना भिंतीवर टांगलं. एकदम मोकळं वाटायला लागलं. आपल्या जावयांची तऱ्हा निराळीच. महिन्यातून एकदा काम करणार, तेही गुरगुरत. तापले की विचारायलाच नको. दोन दिवस हूं की चूं करेनात, तेव्हा पाठीमागून घट्ट दाबलं, मग आले ताळ्यावर. दोघी जावा एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कोण कुठली कळेना. त्यांना वेगळं काढलं आणि दोन बाजूंना बांधून ठेवलं. धाकटे दीर कधी जागेवर सापडत नाहीत, म्हणून त्यांना टेबलाच्या पायालाच बांधलं आहे. चिमी आता खूश आहे.

तिचं प्लॅस्टर बावीसला निघेल. माझं म्हणाल, तर तुमचं ऐकणं दोनदा छान म्हणण्यापुरतंच आहे हे मला कळत नाही असं समजू नका. मी ओरडून ओरडून दमले हो. आपल्या घरात काय चाललंय ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, तुम्हाला सोडून. तुमच्या कानात मशीन असेल तर मी घरात, नाहीतर मी इथेच बरी.

लोभ आहे, पण या अटीवर.

आपली,
सौ.

२१ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईचं पत्र मी चष्मा पुसून पुसून तीनदा वाचलं. सासूबाई गेल्या केव्हा? आम्हाला साधं कळवलंही नाहीस? त्यांना भिंतीवर टांगायची वेळ आली, आणि वर तुझी आई लिहिते की मोकळं वाटतं. माणूस गेल्यावर तरी असं बोलू नये. जावईबापू गुरगुरतात हे मला पटत नाही. गरीब गाय आहे तो. तापला असेल तर डॉक्टरला दाखवा, पाठीमागून दाबता काय? आणि तुझ्या दिरांना टेबलाला बांधणं म्हणजे कहर झाला. एवढ्या उंचापुऱ्या माणसाने स्वतःला बांधू कसं दिलं?

काल राहवेना म्हणून फोन केला. जावईबापूंनीच घेतला. मी सासूबाईंचं विचारलं, तर ते हसत हसत काहीतरी म्हणाले. त्यातलं मला फक्त भिंत एवढं ऐकू आलं. स्वतःच्या आईबद्दल हसतो? तुमच्या घराला झालं आहे तरी काय?

म्हणून ड्रॉवर उघडला. मशीनची बॅटरी संपली आहे आणि दुकान आज बंद, तोवर जीव थाऱ्यावर राहीना म्हणून हे लिहायला बसलो. उद्या मशीन लावून फोन करतो. हे मी तुझ्या आईच्या अटीसाठी करत नाही, तुझ्या संसारासाठी करतो, हे तिला सांग.

आशीर्वाद आहेतच, पण आधी त्या माणसाला सोडवा.

तुझे,
बाबा

२३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. हसत हसत वि. वि.

तुमचं पत्र आज, फोननंतर हातात पडलं. फोनवर हसण्यापायी धड सांगता आलं नाही, म्हणून पुन्हा लिहून देते. सासूबाई म्हणजे वायफायचा डबा. जावई म्हणजे प्रिंटर, जावा म्हणजे दोन स्क्रीनच्या वायरी आणि धाकटे दीर म्हणजे फोनचा चार्जर. आईला कुठल्या वायरीला काय म्हणतात ते लक्षात राहीना, म्हणून तिने प्रत्येकीला शिवणातली एकेक रंगीत चिंधी बांधली आणि नात्यातलं नाव दिलं. आता ती झाडताना कोणालाही उपटत नाही, आधी नातं बघते. टेबलाखाली चक्क फरशी दिसते.

खऱ्या सासूबाईंना सगळं कळवलं. त्या ठणठणीत आहेत. भिंतीवर टांगल्याचं दुःख नाही, पण चिंधी राखाडी का, जांभळी नव्हती का, असं त्यांनी विचारलं आहे. भाऊजी काल जेवायला आले तेव्हा टेबलापासून हातभर लांबच बसले.

आईने फोन घेतला तो सवयीने ओरडतच. तुम्ही कान फाटला म्हणालात, तेव्हा कुठे तिने आवाज खाली आणला. मग ती आतल्या खोलीत गेली. फोन ठेवून आली ती चिंध्यांची टोपली मांडीवर घेऊन एकेक चिंधी उलगडून तिची घडी घालत बसली. मी खोदून विचारलं तर एवढंच म्हणाली की तुम्ही तिला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलंत. कुठलं वाक्य, ते काही सांगेना. तुम्ही सांगा.

प्लॅस्टर निघालं. पाय पांढराफटक झालाय, पण माझाच आहे.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

चिमी

२६ फेब्रुवारी

सौ. हीस,
अ. उ. आ.

चिमी विचारते, कुठलं वाक्य. तिला सांगू नकोस, पोरगी आयुष्यभर चिडवेल. जेवलात का, हे काय वाक्य आहे का पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखं?

मशीन कानातच आहे. भांडी अजून फार बोलतात, आणि मोरीतला नळ गळतो आहे हे मला परवा कळलं. शेजारी म्हणाले, तू वर्षभर सांगत होतीस. दुरुस्त करून घेतला. दूध मात्र कालही उतू गेलं, तिथे मशीनचा इलाज नाही.

आता एक सांगतो, ते नीट ऐक. फोनवर तू आवाज खाली आणलास तेव्हा आधी मला वाटलं, फोन दुसऱ्याच कोणाकडे गेला. मग ओळखला. लग्नानंतर पहिल्या वर्षात तू याच आवाजात बोलायचीस. मी तो विसरूनही गेलो होतो. कान गेले तसतसा तुझा आवाज चढत गेला, आणि मला आपलं वाटत राहिलं की तू माझ्यावर चिडलेली आहेस. जेवलात का हेसुद्धा खेकसून विचारायचीस. मी मनात म्हणायचो, असेल बाई हिचा कशावरून तरी राग, आणि मुकाट्याने पानावर बसायचो. कशाचा राग, हे विचारायचीही भीती वाटायची. इतकी वर्षं तू चिडलेली नव्हतीसच. मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने बोलत होतीस, एवढंच.

तेव्हा आता ये. गाडी कोणती ते कळव, मी स्टेशनवर घ्यायला येतो. गर्दी असेल, मी लांब उभा असेन, पण तिथून हाक मारताना ओरडू नकोस. मला ऐकू येईल.

तुझा