पिझ्झ्याचा फेस

५ मार्च, गुरुवार

जमलं एकदाचं! दोघंही यायला तयार झाले. मी इकडे ह्यांना आणि धाकट्या जावेनं तिकडे भाऊजींना एकच वाक्य ऐकवलं – "तो येवो न येवो, आईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे."

चार वर्षं दोघा भावांचा अबोला. कारण काय, तर सासऱ्यांची जुनी स्कूटर ह्यांनी भाऊजींना न विचारता भंगारात दिली. सासूबाई म्हणतात, "मला भेट नको. दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले तर बघा."

जागा अर्थात ते इटालियन हॉटेल. दोघं भाऊ कॉलेजपासून तिथे जायचे. लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, टम्म फुगलेला पिझ्झा, आणि एकदा टेकून बसलं की उठवत नाही अशा खुर्च्या. तिथे बसून कुणाला भांडणं जमतच नाही. आता नूतनीकरण झालंय म्हणे. अजूनच छान असेल.

८ मार्च, रविवार

छान कसलं! काल आत पाऊल टाकलं तर काळोख. भिंती सिमेंटच्या, रंग द्यायचा राहून गेल्यासारख्या. खुर्च्या गेल्या, उंच स्टुलं आली. सासूबाईंना त्यावर चढवायला दोघांनी एकेक दंड धरला, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

पाव आला तो दोरीवर चिमट्यांनी अडकवून. सासूबाईंनी हात लावून पाहिला. म्हणाल्या, "वाळलाय, काढून घ्या." सूप अत्तराच्या कुपीत. रॅव्हिओली, म्हणजे त्यांची सारण भरलेली करंजीच, माणशी एक, तीही परातीएवढ्या ताटलीच्या अगदी काठावर, खाली पडायच्या बेतात. वेटरला विचारलं तर म्हणतो, "शेफची संकल्पना आहे." पिझ्झा मागवला तर पिझ्झ्याचा फेस आला. चमचाभर.

भाऊ आपले मिठाची गुळणी धरून बसलेले.

"आई, त्याला सांग मीठ सरकव."

"आई, त्याला सांग मीठ नाहीये. तेपण संकल्पनेत गेलं."

सासूबाई मध्ये बसून निरोप पोचवत होत्या. पोचवता पोचवता त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं! हे जेवण ठरवलंच नसतं तर बरं, असं झालं.

मग भाऊजी वॉशरूमला गेले ते परतेचनात. नाइलाजानं हे बघायला गेले. तेही परतेनात. त्या दाराला आतून हँडलच नाही – दार कुठलं आणि भिंत कुठली, पत्ता लागत नाही. वेटर म्हणाला, "हात फिरवत राहिलं की सापडतं." शेवटी दोघं एकदमच बाहेर आले, तोंडं लालबुंद.

"मूर्खपणा आहे नुसता!"

"शुद्ध मूर्खपणा, दादा."

दादा! जावेनं टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला.

९ मार्च, सोमवार

सकाळी भाऊजींचा फोन. चक्क ह्यांना. विषय – स्टुलं.

१४ मार्च, शनिवार

हॉटेलकडे लेखी तक्रार करायची ठरलीय. रोज फोनवर मजकूर घोळवतात. "'निराशा झाली' फार मवाळ वाटतं रे." "मग 'फसवणूक' घाल. आणि फेसाचा मुद्दा वर घे." आज भाऊजी घरी आले, चार वर्षांनी! आले कशाला, तर त्या ताटलीचं चित्र काढून दाखवायला. जेवूनच गेले. स्कूटरचं नाव कुणी काढलं नाही. सासूबाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "त्या हॉटेलवाल्याचं भलं होवो."

२० मार्च, शुक्रवार

तक्रार जाऊन पाच दिवस झाले, उत्तर नाही. आता स्मरणपत्र. दोघं इतके आनंदानं चिडलेत की बघत राहावं.

२४ मार्च, मंगळवार

जावेचा फोन, आवाज घाबराघुबरा. हॉटेलवरून जाताना तिला आत सुतार दिसला. स्टुलांना पाठी बसवतोय! म्हणजे आता ते माफी मागणार. माफी मागितली की तक्रार संपली. तक्रार संपली की हे दोघं बोलणार कशावर? स्कूटरवर? सासूबाईंना सांगायचा धीर होईना.

उद्या लाज गुंडाळून ठेवून मॅनेजरला फोन करणार आहे.

२५ मार्च, बुधवार

केला. म्हटलं, "हात जोडते, पण आमच्या घरच्यांची माफी तेवढी मागू नका."

मॅनेजर थकलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, माफी मागून आठवडा झाला. आधी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ठीक आहे, पण माझ्या भावाला कळू देऊ नका. मग भावाला केला. ते म्हणाले, दादाला सांगू नका."

फोन ठेवला. बाहेर भाऊजी येऊन बसलेच होते. हे तावातावानं म्हणत होते, "अजून साधी माफी नाही! काय निगरगट्ट लोक आहेत."

भाऊजी म्हणाले, "दादा, आपण सोडायचं नाही."